तळ्याच्या मोहाखालचा ठिपका

प्रिय माय,

तुला अक्षर वाचता येत नव्हतं आणि मी तुलाच पत्र लिहिते आहे. पण सोमवारी साहेबांना अहवाल द्यायचाय, त्यात तू आहेस, आणि हे दुसऱ्या कुणाला सांगू?

गडचिरोलीला वनखात्यात मी काय काम करते ते तुला कधी धड समजावलंच नाही. तू विचारायचीस, "दिवसभर त्या डब्ब्यासमोर बसून काय करून राह्यली वो पोरी?" मी म्हणायचे, निवडते. खरंच तेच करते. वाघानं जिथं माणूस मारला ती प्रत्येक जागा म्हणजे नकाशावर एक ठिपका. या ठिपक्यांचे संगणकाकडून गट पाडून घ्यायचे. जिथं गट पडेल तिथं पहारा वाढेल, आणि मोहफुलं वेचायच्या मोसमात तिथलं जंगल बंद होईल.

गट पाडायच्या तीन पद्धती आहेत आणि तिघींचं एकमत होत नाही. आठवतं, तू मोहफुलं झाडाप्रमाणे निवडायचीस, तळ्याचा मोह गोड म्हणून वेगळा, आणि बाबा ओलं-सुकं बघून? टोपली एकच, ढीग निराळे, आणि त्यावरून अख्खी दुपार भांडण! इथंही तसंच. पहिली पद्धत प्रत्येक ठिपक्याला कुठल्या ना कुठल्या गटात बसवतेच. दुसरी फक्त दाटीला गट मानते, एकटा पडलेला ठिपका बाजूला काढते. तिसरी जवळच्या दोघांची सोयरीक जुळवत जुळवत गोतावळा वाढवते. तिघींचे निकाल शेजारी ठेवायचे आणि भरवसा कशावर ठेवायचा ते सांगायचं, हे माझं काम.

बाकी ठिपके तिन्हींत जवळपास सारखेच पडले. एकच हट्टी निघाला. पहिलीनं त्याला नदीकाठच्या गावांत ढकललं, दुसरीनं वगळलं, तिसरीनं सगळ्यात शेवटी कुठंतरी चिकटवलं. साहेब म्हणाले, "म्याडम, हा एक लय तरास देऊन राह्यला. काढून टाका, मंग तिन्ही जुळते." मी मान डोलावली. तो ठिपका म्हणजे माझी माय, हे त्यांना काय माहीत.

आणि तो चुकीच्या जागी आहे हे फक्त मला माहीत. तिथं मीच तो ठेवला.

त्या पहाटे तू तळ्याच्या मोहाखाली पडली होतीस. टोपली अर्धी भरलेली. आम्ही चौघांनी तुला खाटेवर घालून आपल्या शेताच्या धुऱ्यापर्यंत, बांधाच्या कडेला आणलं आणि काका तिथंच थांबले. म्हणाले, "वनरक्षकाले इथीच बोलवा. मोहाखाली म्हणून सांगितलं त जंगल बंद करन. साऱ्या गावाचा मोसम जाईन." लोक माझ्याकडं बघत राहिले, शिकलेली मीच ना! मी कागदावर लिहिलं, शेताचा धुरा. कोणी मला जबरदस्ती केली नव्हती. अक्षरही छान आलं होतं.

काल जेवणाच्या सुट्टीत मी एकटीच होते. गंमत म्हणून नाही, राहवलं नाही म्हणून तुझा ठिपका उचलून तळ्यावर ठेवला. तिन्ही पद्धती एका झटक्यात जुळल्या. तळ्यापलीकडं दाट गट आधीच होता, तो अलीकडं सरकून आपल्या मोहापर्यंत आला. इतके दिवस मी यंत्राला दोष देत होते. त्याला खोटी जागा मीच दिली होती.

आता काय करू, सांग! तुला काढून टाकलं तरी तिन्ही जुळतात, खरं सांगितलं तरी जुळतात. अहवाल दोन्हीकडून चांगलाच होतो. पण खरं सांगितलं तर गावाच्या सगळ्या मोहांना कुलूप. आणि गप्प बसले तर? तुझ्या झाडाखाली या मोसमात रेखावहिनी बसते. पहाटे, एकटी, तुझीच टोपली घेऊन.

बाबांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मले काय समजत नाई का, पोरी? पण जंगल बंद झालं त खायाचं काय?" मी म्हटलं, वहिनीचं काय? तर फोन वहिनीनंच घेतला. "ताई, मी नाई गेली त झाड दुसरं घर घेईन. तुमी तिथी बसून सांगता, मले जा लागते." तिच्यावर रागावू कशी? पगारावर जगणारी मी.

तुझ्यावर मात्र राग आहे. त्या दिवशी ताप होता तुला. एक दिवस झाड सोडलं असतंस तर काय बिघडलं असतं?

माय, शब्द देते. रविवारी कुरखेड्याची गाडी धरून गावात येईन. अहवालाच्या आधी सगळ्यांसमोर उभी राहून सांगेन की ते मी खोटं लिहिलं होतं. काका शिव्या देतील, बायका बोलायच्या बंद होतील, बाबा खाली मान घालून बसतील. वहिनी मला माफ करेल की नाही, माहीत नाही. तरी सोमवारी खरी जागाच जाईल.

त्या दिवशी तुला मोहाखालून धुऱ्यावर आणायला चौघं होतो. परत नेताना मी एकटी आहे.

तुझी,
वंदी