टाकीतली मादी बाबांनी ओळखली

१४ नोव्हें., बोईसर
मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी बाबांना मुरब्याहून आणलं, महिना झाला. डोळे आता लख्ख. होडीवर जायला मनाई, म्हणून दिवसभर माझ्या माशांच्या टाकीसमोर. सहा कॉरी, बोटाएवढ्या, मिशावाल्या. दोन वर्षांत एक अंडं नाही. सगळे नरच, असं मी धरून चालले होते.
आज म्हणाले, समोरून काय बघतेस? स्टुलावर चढवलं मला. "वरून बघ गो. पोटाशी रुंद ती मादी."
खरंच. दोन रुंद, चार सडपातळ. मी एम.एस्सी. आणि हे चौथी!

१७ नोव्हें., रवि.
दोघी आणि तीन नर वेगळ्या टाकीत. खायला गोठवलेल्या अळ्या, दिवसातून दोनदा.

२४ नोव्हें.
तिसरा हिस्सा पाणी काढून गार ओतलं. पाऊस आला असं वाटावं त्यांना, म्हणजे अंडी घालतील.

२५ नोव्हें.
काचेवर अंडी! ४१. मादी पोटाखालच्या परांत अंडी धरून नेते, काचेला चिकटवते. डोळ्यांदेखत पाहिलं. कामावर उशीर. साहेबांना खरं कारण सांगितलं, त्यांना पटलं नसावं.
बाबा सांगत होते, समुद्रातल्या शिंगाळा माशाचा नर पिल्लं सुटेपर्यंत अंडी तोंडात धरून हिंडतो, खात नाही काही. या मात्र स्वतःचीच खातात. पाच गेली. बाकीची बाबांनी बोटाने सोडवून डब्यात घेतली. जाळी ओढून राठ झालेली बोटं, पण एक फुटलं नाही.

२८ नोव्हें.
अकरा पांढरी पडली. बुरशी. काढून टाकली. बाबा नीट जेवले नाहीत.

३० नोव्हें.
फुटली. २२ पिल्लं, तीन अंडी फुटलीच नाहीत. डोळे आणि शेपूट, बस्स. बाबा भिंग घेऊन डब्यासमोर.

१९ डिसें.
१९ आहेत. मिशा दिसायला लागल्या. काका आले होते मुरब्याहून. त्यांना बाबा म्हणाले, "माज्या पोरीने वाढवली. बोटभर मासा हाय, पन कोनाला जमत नाय." मी म्हटलं, मादी तुम्ही ओळखलीत. ऐकलं नाही असं दाखवलं. कान लाल.

१२ जाने.
दहा पिल्लं मुरब्याला न्यायचीत म्हणे, घरी टाकी करणार. भावाने विहिरीच्या पाण्याची बाटली पाठवली. बाबांनी घोट घेतला. "गोडं हाय." मीही घेतला, गोडंच लागलं. पण उधाणाला त्या विहिरीत खार उतरतो आणि खारात ही पिल्लं जगत नाहीत, हे दोघांनाही ठाऊक. बाटली माझ्या जेवणाच्या डब्याच्या पिशवीत ठेवलीय. उद्या कामावर, आमच्या लॅबमध्ये तपासते. काय येईल ते येवो.