शिफारसपत्राचे आठ दिवस

२ डिसेंबर
दुपारी सुधाकर ज्युनियर कॉलेजात आला. गावच्या शाळेत आम्ही एकाच तरटावर बसायचो. बारावीत तो गणितात दोनदा नापास झाला. आज खामगावात नळ-पाइपांचं दुकान आहे. सोबत मुलगी, प्राची. तिला अमेरिकेतल्या कॉलेजला अर्ज करायचाय. बारावीला फिजिक्स शिकवणाऱ्याचं, म्हणजे माझं, शिफारसपत्र लागतं. आपल्याकडे आणतात तसं टाइप करूनच आणलेलं.
"सही मार ना बे. सारं या पत्रावर अडून राह्यलं."
मी म्हणालो, पत्र मी स्वतः लिहीन. तो खूश. "पाह्य प्राची, याले म्हंतात सर."
तत्त्वबित्त्व काही नव्हतं. आज सही द्यायची नव्हती, एवढंच.

३ डिसें.
बारावीला प्राचीला ८४ टक्के, माझ्या मुलीला, वैष्णवीला, ९१. दोघी माझ्याच वर्गात होत्या. वैष्णवी 'नीट' परीक्षेत थोडक्यात राहिली. यंदा घरात बसून पुन्हा तीच पुस्तकं. आणि ८४ वाली अमेरिकेला.
सकाळी पूजेत मन नव्हतं. फुलं वाहताना मनात ९१ आणि ८४.

४ डिसें.
ईमेलवर आलेला फॉर्म उघडला. गुण मला विचारलेलेच नाहीत. विचारलंय: ती प्रश्न कसे विचारते. चुकली तर काय करते. सोबतच्यांशी कशी वागते.
पंचवीस वर्षं शिकवतोय. आपल्याकडे एका तरी मुलाबद्दल हे मला कुणी विचारलंय? वै.चं काय ते 'नीट'च्या तीन तासांत उत्तरपत्रिकेवर काळ्या केलेल्या गोलांनी ठरलं. सुधाकरचा मेहुणा जर्मनीत आहे. तिथे म्हणे पोर चौथीत असतानाच पुढे कोणत्या शाळेत जावं हे मास्तर सुचवतात. ऐकून भीती वाटली, मग त्या मास्तरांचा हेवा.
वै.बद्दल कुणी विचारलं असतं तर मी पानंच्या पानं...

५ डिसें.
फॉर्ममध्ये गुणविशेषांची यादी, प्रत्येकापुढे पाच रकाने. 'सर्वसाधारण' पासून 'आजवरच्या सर्वोत्तमांपैकी' पर्यंत. सगळ्या खुणा मधल्या रकान्यात केल्या. प्रामाणिकपणापुढेही. मनाला सांगितलं, वाजवी आहे.
खाली प्रश्न: या विद्यार्थिनीच्या प्रामाणिकपणाचा एखादा प्रसंग आठवतो का?
'नाही' लिहिलं. आठवत होता.

६ डिसें.
इथे तरी लिहितो. बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा, भिंगाचं नाभीय अंतर. डबीवर चिठ्ठी चिकटवलेली, २० सें.मी. पोरं आधी उत्तर लिहितात, मग मापं बसवतात. मीही तसाच पास झालोय. प्राचीचं साडेबावीस आलं. मी जवळ जाऊन हळूच म्हणालो, "वीसच्या जवळ आण."
"सर, तीनदा पाह्यलं. इतकंच येते."
तसंच ठेवलं तिने. तीसपैकी चोवीस दिले. आधीच्या फेरीत त्याच भिंगावर वै. होती. तिचं वीस. तिला पूर्ण तीस.

७ डिसें.
कॉलेज सुटल्यावर लॅब उघडून घेतली. तेच भिंग. खिडकीबाहेरचं लिंबाचं झाड भिंतीवर उलटं पाडलं आणि मोजलं. २२.४. पुन्हा, २२.६. लॅबचा शिपाई बबन पट्टी धरून उभा.
"सर, वीसच लिहा. धा वर्सं झाले, सारे वीसच लिहून राह्यले."
"काऊन?"
"ते डबी या भिंगाची नाही. पयलं भिंग फुटलं तं म्या त्यात दुसरं ठेवून देल्लं."
"मग सांगितलं का नाहीस?"
"कोनं इचारलंच नाही न सर."
दहा वर्षांत किती पोरं झाली असतील. त्यातली एक अडून बसली, तिचे सहा गुण मी कापले. माझ्या सरांना 'इतकंच येते' असं मला कधी म्हणता आलं नाही. आज हेवा वाटला तो याचा.
परतताना मारुतीच्या देवळात गेलो नाही. रस्त्यावरूनच हात जोडले.

८ डिसें.
सुधाकरचा फोन.
"झालं काय बे पत्र?"
"होते, होते."
"तुह्या हातात हाये म्हनून मले घोर नाही."
फोन ठेवून फॉर्म पुन्हा उघडला. चहा निवला.

९ डिसें.
उद्या शेवटची तारीख. इंग्रजी टाइप करायला मला फार वेळ लागतो, म्हणून सकाळी वै.ला बसवलं. आधी रकाने बदलायला सांगितले. तिने मुकाट्याने एकेक खूण शेवटच्या रकान्यात नेली. प्रत्येक खूण मला वै.च्या ताटातून काढून वाढल्यासारखी वाटत होती. वाटत होती, खोटं कशाला लिहू.
मग 'नाही' खोडायला लावलं आणि भिंगाचा प्रसंग सांगितला. मीच वीस आणायला सांगितलं, हेही. ऐकून तिचे हात थांबले.
"बाबा, माह्यंही साडेबावीसच आलं होतं."
मी खुर्ची तिच्याकडे ओढली.
"तुम्हीच म्हणाले, वीसच्या जवळ आण. मी आणलं."
"हो."
"मले कमी गुण पडले असते तं चाललं असतं तुम्हाला?"
तिने स्क्रीनकडे तोंड वळवलं.
"माह्यं पण लिहू का यात?"
ओसरीवर येऊन हे लिहितोय. ती आत बसून आहे. अजून टाइप केल्याचा आवाज नाही.