तुझ्यासारखे गाल

मंगळवार, १२ मार्च

प्रिय छोटी,

आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. बाबांचा खोकला गेला, वरच्या मजल्यावरचे भांडकुदळ भाडेकरूही गेले, त्यामुळे घरात एकदाची शांतता आहे. तू फोन करत होतीस, मी उचलत नव्हते. बोलायला त्रास होतो हे खरं, पण तेवढंच कारण नाही.

गालाचं आधी सांगते. मांडीची चरबी काढून गालांत भरली, हे तुला माहीतच आहे. सुरुवातीचे दिवस झोकात गेले. चष्म्याच्या दुकानात जिकडेतिकडे आरसे. गिऱ्हाइकाला फ्रेम लावता लावता मी स्वतःलाच बघून घ्यायचे. मग डावा गाल दगडासारखा झाला, लाल झाला. क्लिनिकवाले म्हणाले, "चोळत राहा, बसेल." चोळला, तर सूज डोळ्यापर्यंत चढली. मलाच चष्मा बसेना.

मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली. म्हणाल्या, "भरलेल्या चरबीला रक्त मिळालं नाही. ती आतच मेली, तिच्या तेलकट गाठी झाल्या आणि त्यांत जंतुसंसर्ग झाला." पुढे सुईनं पू काढला, तोंडाच्या आतून छेद दिला. गोळ्या अजून चालू आहेत. एक गाठ मात्र हटत नाही, ती ऑपरेशन करून काढणार. थोडा खळगा राहील म्हणाल्या.

आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "हिला म्हातारपणाची धास्ती बसली." सांगू दे. क्लिनिकमध्ये "कसे गाल हवेत?" असं विचारल्यावर मी मोबाइलमधला तुझा फोटो दाखवला होता.

तुझ्या वाढदिवसाचा. तुझ्या भाऊजींनी काढलेला. माझा फोटो काढताना त्यांना "जरा हस" म्हणावं लागतं. त्या दिवशी घरी येताना ते सहज म्हणाले, "छोटी असली की घर भरल्यासारखं वाटतं." त्यात वावगं काही नव्हतं. पण माझ्या पोटात जे पेटलं, ते विझलंच नाही.

मग तू हातातलं काम टाकून इस्पितळात आलीस. माझ्या तोंडातून येणारा पू पुसलास, नाकसुद्धा मुरडलं नाहीस. आणि संध्याकाळी दाराच्या फटीतून मला तुम्ही दोघं व्हरांड्यात चहा पिताना दिसलात. हसत होतात. नर्सकरवी तुला "उद्या येऊ नकोस" असा निरोप दिला तो मीच. औषधाची गुंगी वगैरे काही नव्हती.

नंतर यांना विचारलं, "एवढं काय हसत होतात?"

"अगं, लहानपणी तू तिच्यासाठी शेजारच्या पोरांशी कशी मारामारी करायचीस, ते सांगत होती."

हे ऐकून मी निवळायला हवं होतं ना? उलट जास्तच जळले. चेहरा तुझा, हसू तुझं, आणि वर माझ्याबद्दल चांगलं बोलायचं मनही तुझंच. माझ्या वाट्याला काय ठेवलंस?

ऑपरेशन सोमवारी आहे. हे रजा काढणार होते, मी नको म्हटलं. भूल उतरताना माणूस काहीही बरळतं म्हणे. मी जे बरळेन ते त्यांनी ऐकायला नको. तू ऐकलंस तर चालेल, तुझंच आहे ते.

वाचून राग आला असेल तर रागावूनच ये. पण ये.

तुझ्यावर जळणारी आणि तुझीच वाट बघणारी,
ताई