वार्निश लावलेलं वाडगं

त्या सकाळी मी चुलीतली राख काढली, मेंढ्या बाहेर सोडल्या, निळा मका दळला. पीठ ठेवायला मागच्या खोलीत गेले, तर फळीवर आईने घडवलेलं वाडगं नव्हतं. माझ्या धाकट्या भावाने, एल्जिनने, ते शहरातल्या दुकानदाराला विकलं होतं. म्हणून हे मृत्युपत्र.

मी, लेनोरा कुवानहोंगवा, कै. हार्लनची विधवा, वय एकाहत्तर, पूर्ण शुद्धीत आणि पूर्ण रागात, कुणाच्याही दबावाशिवाय लिहिते. मजकूर कायद्याची पुस्तकं वाचून मीच जुळवला आहे.

१. घर माझी मुलगी व्हर्ना हिचं. आमच्या जमातीत घर बाईचंच असतं. ते कागदावर लिहावं लागतं, ही एल्जिनची कृपा.

२. आईचे भांडी घोटायचे गोटे व युका या वाळवंटी झुडपाच्या पानांचे कुंचले व्हर्नाला. विजेच्या भट्टीत भांडी भाजणाऱ्याने त्यांना हात लावू नये. भाजायला मेंढवाड्यातलं वाळलं शेण लागतं. ते हार्लन रचायचा. तो गेल्यापासून चार वर्षं मी रचते, आणि अजून त्याला उभं राहायला जागा सोडते.

३. एल्जिनला हार्लनचा कोट, कारण थंडी त्यालाही वाजते. बाकी काही नाही. "ताई, वाडगंच तर होतं, दुसरं कर की!" म्हणाला. मी म्हटलं, "मग तूही दुसरी बहीण कर." त्या वाडग्यातलंच पीठ आम्ही रोज उगवत्या सूर्याला वाहत होतो. व्हर्नाला जन्मानंतर विसाव्या दिवशी सूर्याला दाखवलं, तेव्हाही पीठ त्यातलंच. याहून जास्त लिहिणार नाही. ते बाहेरच्यांसाठी नाही.

४. वाडगं. दुकानातून उठतच नाही म्हणून बसले, तेव्हा परत मिळालं. दुकानदार म्हणाला, "बाई, डाग घालवले, वार्निश मारलं. बघा कसं चमकतंय!" ज्याला तो डाग म्हणाला, तिथे आईची आणि माझी बोटं टेकायची. आता त्यातल्या पिठाला वार्निशचा वास येतो. असलं पीठ सूर्याला कोणत्या तोंडाने वाहू? एल्जिन म्हणतो, "मग आता तरी विकू दे, ताई." वाडगं मी कुणाच्याही वाट्याला लिहीत नाही. त्याचं काय करायचं ते मीच करीन, जिवंतपणी.

साक्षीदार: मर्लिंडा सेयेस्तेवा (शेजारीण), ऑर्विल होनयुम्प्तेवा (हार्लनचा भाचा)
सही: लेनोरा कुवानहोंगवा
सिचोमोवी, ॲरिझोना, ११ नोव्हेंबर १९८६

सहीनंतरची जोड: दुसऱ्या दिवशी मी वाडगं, आई जिथून माती आणायची त्या खाणीपाशी नेऊन दगडाने फोडलं. एल्जिन मदतीला आला होता. पण तुकडे मी एकटीनेच पुरले.