फुटली म्हणाल्या

४ मार्च १९८५, घाटकोपर

तालमीला निघताना बांगड्या काढल्या. फ्रान्सची सरदारीण, तिच्या हातात हिरवा चुडा कसा चालेल? महिला मंडळाच्या स्पर्धेसाठी नाटक मीच लिहिलंय. मटिल्डाचा नवरा जेरुसलेमला, धर्मयुद्धावर. किल्ला तिचा, किल्ल्या दिराकडे.

एक बांगडी हातातून निसटली. शेगडीपाशी बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "फुटली गो."

फुटली! या घरात बांगडी फक्त वाढवते. लग्नानंतर एकदा मी चुकून फुटली म्हटलं, तर सासूबाईंनी अबोला धरला होता. सवाष्णीची वाढवते. फुटते ती विधवेची.

माझा नवरा चंद्रप्रकाश बगदादला नोकरीला आहे. तिथे लढाई चालू आहे.

५ मार्च

जीभ घसरली असेल. — सासूबाईंची जीभ घसरत नाही.

९ मार्च

लवू, माझा दीर, सांगतो की लढाईमुळे तिकडचं टपाल बंद आहे. वहिनी, तू उगाच टेन्शन घेतेस, म्हणे. बोलताना बघत होता भिंतीकडे. शेजारच्या नलिनीच्या भावाचं पत्र कालच बगदादहून आलं. लवूला सांगितलं नाही. बघू, आणखी काय काय बंद आहे म्हणतो.

१० मार्च

दुसरा अंक. जेवताना सगळे मटिल्डाच्या नवऱ्याबद्दल बोलतात, आणि ती फक्त क्रियापदं ऐकते. त्याला हरणाचं मांस आवडतं, की आवडायचं?

आज मीही तेच केलं. घावन वाढताना सासूबाई म्हणाल्या, चंदूक रस जास्त लागता. लागता. म्हणजे आहे. की मला ऐकवायला?

१४ मार्च

कुंदा मिशी लावून दिराचं काम करते. आज तालीम थांबवून म्हणाली, "ही सरळ विचारत का नाही गं? पहिल्या अंकातच सुटू की सगळ्या!" बायका हसल्या. मी पुढचं वाक्य म्हटलं.

विचारलं तर कळेल. कळलं तर विधवा.

१७ मार्च

लवू बाहेर गेल्यावर विचारलं. हे गेले का?

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही.

"मराक काय झाला त्येका? गोरेगावाक आसा, दिवाळीपासून. दुसरी बायको केल्यान."

मग फुटली का म्हणालात?

"लवून शप्पत घातल्यान, वैनीक सांगू नको म्हणान. म्हणान सांगूक नाय. तू शिकलेली. माका वाटला, तेवढ्यान समाजतला तुका."

म्हणजे मुद्दाम.

पुढे लिहिता येत नाही.

२३ मार्च

चंद्रप्रकाश आला होता, कपडे न्यायला. सासूबाईंनी दाराची साखळी काढली नाही. फटीतून म्हणाल्या, "ह्या घर अनुपमाचा. तिका विचार." मग वळून माझ्याकडे पाहत राहिल्या.

मी उठले नाही.