गारोबाचं बारसं

८ सप्टेंबर, सोमवार

पोचले बाई एकदाची! विमानतळावर उपेंद्रने माझ्या हातातली पिशवी घेतली तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. अपर्णाने दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला. इतकी वर्षं दुबईत राहून सून काही विसरली नाही. मिहिका तर अशी गळ्यात पडली, की पोरीची ऊब अजून मानेवर आहे. नऊ वर्षांची नात. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. मी म्हटलं, माझं गाव बार्शी आणि तुझं हे दुबईतलं अल बर्शा, म्हणजे आपण एकाच आळीतल्या की! खुदकन हसली.

घर सातव्या मजल्यावर. खिडक्या सदा बंद. छताला लागून लोखंडी जाळ्या, त्यांतून एसीचं गार वारं. माझं अंथरूण हॉलमध्ये, नेमकं एका जाळीखाली. खाली वॉचमन मोहिद्दीन, केरळचा. ओळख होते न होते तोच मोबाइलवर लेकीचा फोटो दाखवला. खैरुन्निसा, चार वर्षांची. दिसेल त्याला दाखवतो म्हणे. कुठेही जा, बाप तो बापच.

१३ सप्टेंबर, शनिवार

अपर्णाने मला कामाला लावलं. इमारतीतल्या मुलांना शनिवारी मराठी लिहायला शिकवा, म्हणाली. मी सातवी शिकलेली, बाकीचं वाचून वाचून जमवलेलं. पण पोरं म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? आपली मिहिका, आणि शेजारची दिया, तनिष, रेयांश.

दिवाळीवर निबंध म्हटलं तर चौघंही जांभया द्यायला लागली. मग म्हटलं, जगात नसलेला एक प्राणी काढा मनातून आणि त्याचं वर्णन करा. अशी उड्या मारायला लागली! अट एकच घातली: स्केअरी, डेंजरस असले फुकटचे शब्द नकोत. हाताला कसा लागतो, वास कशाचा येतो, ते सांगा. वाचणाऱ्याला तो समोर बसलेला दिसला पाहिजे.

तनिष म्हणाला, त्याचे हात एसीच्या पाइपासारखे, लांबच लांब, वळणारे, कारण तो जाळीच्या आत राहतो. रेयांश म्हणाला, त्याला तोंडच नाही, सगळं सोललेल्या अंड्यासारखं गुळगुळीत. दिया म्हणाली, वास ओल्या नाण्याचा. मी विचारलं, खातो काय? मग मिहिका म्हणाली, ही ईट्स द वॉर्म पार्ट. कशातला गं? तर म्हणे, माणसांतला. अगं, मग माणसं मरतील की! तर म्हणाली, नो आजी, दे जस्ट बिकम ओके.

शाबास म्हटलं तिला. याला म्हणतात वर्णन.

२० सप्टेंबर, शनिवार

आज प्राण्याला नाव ठेवायचं निघालं. या पोरांनी बारसं पाहिलेलंच नाही, मग म्हटलं, करूच या. कपड्यांच्या टोपलीला माझी जुनी साडी बांधून पाळणा केला, आत पोरांनी काढलेलं चित्र ठेवलं. अपर्णा म्हणाली, अहो आई, पितृपक्षात बारसं? मी हसण्यावारी नेलं. कागदाच्या बाळाला कसला आलाय पितृपक्ष! दिया आत्या झाली. चित्राच्या कानाशी वाकून गारोबा म्हणाली, आणि बाकीच्यांनी कुर्रर्र करून तिच्या पाठीत असे धपाटे घातले, की बिचारी हसून हसून आडवी झाली. घुगऱ्या वाटल्या. आजी म्हणून मी बाळाला मांडीवर घेतलं, मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. पोरांना सांगितलं, आता हा आपल्या घरचा झाला.

निघताना तनिष म्हणाला, मी जातो. लगेच त्याचा कान धरला. जातो म्हणू नये रे, येतो म्हणावं. मोठ्या माणसाने ये हो म्हणावं, म्हणजे माणूस सुखरूप परत येतं. तिघंही येतो-येते म्हणाली, मी तिघांना ये हो म्हटलं. दार लावलं, तर मागून अजून एक बारीक येतो ऐकू आलं. मिहिकाची चेष्टा, दुसरं काय. मीही म्हटलं, ये हो बाळा.

२३ सप्टेंबर, मंगळवार

दियाची नागपूरची आजी गेली. त्या आजीवर पोरीचा केवढा जीव! लिफ्टमध्ये भेटली, मी जवळ घ्यायला गेले तर म्हणाली, इट्स ओके. डोळ्यांत टिपूस नाही. हात फ्रिजमधल्या भांड्यासारखा गार.

सहज बोलता बोलता मिहिकाला त्या चेष्टेबद्दल छेडलं. ती म्हणते, ती तेव्हा घरात नव्हतीच. पोरांना सोडायला लिफ्टपाशी गेली होती.

२७ सप्टेंबर, शनिवार

रेयांशचा हात मोडला, प्लास्टर घालून आला. पडला तेव्हा रडला नाही. त्याची आई हे सांगत होती ते कुरिअर आल्याचं सांगावं तसं. पोरांनी आज सुबक अक्षरात लिहिलं. खाडाखोड नाही, भांडण नाही, कुणी कुणाला चिमटा काढला नाही. काय झालं रे विचारलं, तर तिघांचं एकच उत्तर, ओके आजी. हसली ती एकटी मिहिका. तिचं तिलाच कसंतरी वाटलं, मग तीही थांबली.

उपेंद्र आणि अपर्णा एसी किती ठेवायचा यावरून रोज तंडायचे. आता दोन दिवस एक शब्द नाही. घर शांत आहे. चांगलंच आहे ना?

हॉलमध्ये ओल्या नाण्याचा वास येतो.

२९ सप्टेंबर, सोमवार

एसी बंद करायला लावला, तरी जाळीतून गारवा येतोच. मोहिद्दीन शिडी घेऊन आला. जाळी काढून डोकं आत घातलं. बराच वेळ तसाच उभा. खाली उतरून म्हणाला, खलास माताजी, कुछ नहीं है. मी विचारलं, खैरुन्निसा कशी आहे? ठीक है, म्हणाला. फोटो दाखवला नाही.

मला भीती वाटायला हवी. वाटते, पण दुसऱ्या कुणाला तरी वाटावी तशी.

३० सप्टेंबर, मंगळवार

पोरांनीच घडवला, पोरांनीच मोडावा, म्हणून तिघांना बोलावलं. लिहा म्हटलं, गारोबा गेला. मुकाट लिहिलं. काही झालं नाही. ज्या उबेने त्याला घडवलं ती त्यांच्यात उरलीय कुठे —

मिहिका म्हणते, तो आता तिच्या खोलीतल्या जाळीत आलाय. रडली. रडतेय तोवर पोरगी शाबूत आहे. उपेंद्रला म्हटलं, हिला इथून हलव, कुणाकडेही ठेव. ओके आई, बघू, म्हणाला, आणि जेवायला बसला.

बारसं मी केलं. मांडीवर मी घेतलं. आता जा म्हणायचं तेही मीच. घरच्या माणसाला हा शब्द आजवर कधी —

२ ऑक्टोबर, दसरा

उपेंद्रने सोनं दिलं, पाया पडला. बोटं गार. तोंड भरून आशीर्वाद द्यायचा राहिला.

दुपारी मिहिकाला स्वयंपाकघरात बसवलं. तिच्या खोलीत स्टुलावर चढले. जाळीत पाहिलं. सोललेलं अंडं. अगदी तसंच, पोरांनी सांगितलेलं. म्हटलं, जा. पुन्हा म्हटलं, जा. आणि तो खरंच निघाला. हात आखडत, मागे मागे — माझं काळीज हलकं झालं — वळताना शिकवल्यासारखं, शहाण्या पोरासारखं म्हणाला, येतो आजी.

आणि माझं तोंड. जन्माची सवय मेली —

ये हो बाळा.

३ ऑक्टोबर

झोप छान लागली. वास येत नाही आता. किंवा कळत नाही.

मिहिका दारात उभी आहे. रडते आहे. होल्ड मी आजी, म्हणते. तिच्या मागे जाळीतून हात उतरताहेत. राखाडी. वळणारे. लांबच लांब. तनिषने बरोबर सांगितलं होतं.

उठायला हवं. पोरगी हाका मारते आहे. एवढं वाक्य पुरं करते आणि —

रडणं थांबलं. बरी आहेस ना गं, विचारलं. डोळे पुसले तिने. म्हणाली, आजी, आय अ‍ॅम