बारा लाख मुरेपर्यंत

४ फेब्रुवारी

निर्णय पक्का. उरलेलं आयुष्य परदेशात काढायचं, समुद्रकाठी, शांत माणसांत. मी मुळात शांत माणूस. छत्तीस वर्षं फोर्जिंग शॉपमध्ये, तापलेलं लोखंड ठोकणाऱ्या पॉवर हॅमरवर फोरमन होतो, म्हणून आवाज मोठा, एवढंच. इथल्या लोकांना ते समजत नाही.

व्हिसा एजंटकडे गेलो. त्याने नियम सांगितला. अर्जदाराच्या स्वतःच्या नावावर बारा लाख हवेत आणि ते सलग तीन महिने खात्यात पडून राहिले पाहिजेत. एक दिवस जरी बॅलन्स खाली गेला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. याला त्यांच्या धंद्यात पैसे मुरणं म्हणतात. माझ्याकडे फंडाचे बारा लाख चाळीस हजार आहेत. म्हणजे काम झाल्यातच जमा. आनंदाच्या भरात टेबलावर थाप मारली. काच तकलादू निघाली. तीन हजार खिशातून भरले, खात्याला हात लावला नाही.

५ फेब्रुवारी

संकल्प : तीन महिने कोणाच्याही अंगावर जायचं नाही. हिला सांगितलं. ही ‘बरं’ म्हणाली आणि कपबश्या वरच्या फळीवर ठेवायला लागली. का म्हणून विचारलं तर म्हणाली, जरा आवराआवर.

हिची एक गोष्ट मला आवडते. ही नेहमी माझ्या डाव्या बाजूला उभी राहते. हॅमरच्या आवाजाने माझा उजवा कान गेलेला, डाव्याने बरं ऐकू येतं, म्हणून असेल. बिचारी काळजी घेते.

१३ फेब्रुवारी

आठ दिवस उत्तम गेले. फक्त दोनदा पारा चढला, तोही घरात. ते धरायचं नाही.

२० फेब्रुवारी

वरच्या मजल्यावर जो राहतो (मी त्याला ‘वरचा’ म्हणतो, नाव उच्चारायची त्याची लायकी नाही) त्याने स्कूटर पुन्हा गेटसमोर आडवी लावली. चार वेळा हाक मारली. खाली येऊन काढायला काय होतं? शेवटी मी ती स्वतःच बाजूला केली. गेटच्या बाहेर उतार आहे, हे स्कूटरला कळायला हवं होतं. भिंतीवर जाऊन आपटली. वरचा खाली आला आणि म्हणाला की मी लाथ घातली. लाथ नव्हे, पाय लावला. दोन्हींत फरक आहे.

बावीस हजार मागितले. पोलिसात जातो म्हणाला, म्हणून दिले. उरले बारा लाख अठरा हजार. अजून वर आहोत.

२१ फेब्रुवारी

संकल्प : गेटकडे बघायचंच नाही.

५ मार्च, दुपारी

बॅलन्स बघायला एटीएमवर गेलो. नुसता बघायला. मशीनने कार्ड गिळलं. डायमध्ये, म्हणजे साच्यात, अडकलेला जॉब कसा सोडवायचा हे मला कोणी शिकवू नये. खालून एक, बाजूने दोन. कार्ड बाहेर आलं. त्याच्याबरोबर स्क्रीनही बाहेर आला.

वॉचमनने मागून मिठी मारली. मी त्याला समजावत होतो, तेवढ्यात त्याची टोपी आणि चष्मा खाली पडला. त्याच्या नाकातून रक्त आलं ते उन्हामुळे असावं.

६ मार्च

बँकेने पंचेचाळीस हजार परस्पर खात्यातून वळते केले. विचारलंसुद्धा नाही. उरले अकरा लाख त्र्याहत्तर हजार. एजंटला फोन केला. तो म्हणाला, महिनाभर मुरलेलं सगळं वाया गेलं, आता भर घाला आणि पुन्हा सुरू करा. मी त्याला म्हणालो, तुझ्या ऑफिसात येऊन तुलाच मुरवतो. नंतर फोन ठेवला. म्हणजे फोन फुटला.

८ मार्च

हिने शिवणकामाचे तीस हजार आणून ठेवले. दहा वर्षांत साठवले म्हणे. घेतले. मला संकोच वगैरे वाटत नाही, घरातलेच पैसे. आता बारा लाख तीन हजार. मोजणी आजपासून. ही म्हणाली, अहो, आता फक्त तीन हजारांचा वाव आहे, जपून. मला कशाला जपायला सांगते? मशीन दुसऱ्याचं खराब होतं.

२७ मार्च

उत्तम चाललंय. रोज सकाळी उशीला वीस ठोसे मारतो, म्हणजे दिवसभर हात शांत राहतो. आज उशी फाटली. दुसरी घेतली.

५ एप्रिल

वरचा रात्रंदिवस खुर्च्या ओढतो. गर्र, गर्र. एका कानाने ऐकू येत नाही म्हणून काय झालं, डोक्यात येतं ना! आज वर जाऊन नीट, माणसासारखं सांगायचं ठरवलं. दार वाजवलं. त्याने उघडलं आणि म्हणाला की त्याच्याकडे खुर्च्या नाहीतच, खाली बसून जेवतात. म्हणजे सरळ सरळ मला खोटं पाडलं! तळपायाची आग मस्तकात गेली. पुढचं मला नीट आठवत नाही. त्याचा पुढचा दात माझ्या मुठीवर आपटला, एवढं नक्की. माझ्या बोटाला खोक पडली, त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

९ एप्रिल

वरच्याने पोलिसात तक्रार दिली आणि वकिलाची नोटीस पाठवली. अडीच लाख भरपाई द्या, नाहीतर खातं गोठवू. एका दाताचे अडीच लाख! माझे बत्तीस धरले तर मी किती श्रीमंत निघेन.

खातं गोठलं तर सगळं मुसळ केरात. दिवसभर येरझाऱ्या घातल्या. मग एकदम सुचलं. मी उगाच फोरमन झालो नव्हतो.

१० एप्रिल

बारा लाख तीन हजार सगळेच्या सगळे हिच्या खात्यात टाकले. आता गोठवा माझं खातं, आत झुरळ सापडेल. एजंट म्हणाला, मग अर्ज बाईंच्या नावाने करावा लागेल, तुम्ही सोबत जाणारा नवरा. मी म्हणालो, कागदावर कोणीही असो, घरात हेड मीच. मोजणी आजपासून, दहा जुलैला पुरे.

हिला सांगितलं तेव्हा हिने शिलाई मशीन थांबवलं. सगळे माझ्या नावावर? असं दोनदा विचारलं. कधी एवढी रक्कम बघितली नाही ना. घाबरली असेल.

२ मे

नोटीस मिटली. दाताचं बिल आणि वकिलाची फी, मिळून अठ्ठावीस हजार. पेन्शनमधून आणि माझं घड्याळ विकून दिले. हिच्या खात्याला धक्का नाही. मी किती संयमी माणूस आहे, हे वरच्याला कधी कळणार नाही. तक्रार मात्र तो मागे घेत नाही.

एजंट म्हणतो, सोबत जाणाऱ्याला पोलिसांचा स्वच्छ दाखला लागतो. छत्तीस वर्षांत माझ्यावर एक मेमो नाही. दोन होते, पण त्यातला एक साहेबाने फाडला होता.

१८ मे

तक्रार मागे घ्या म्हणून सांगायला फळं घेऊन वर गेलो. हसत. वरच्याने दाराला साखळी लावून फटीतून बघितलं. साखळी लावून! फळं घेऊन आलेल्या माणसाला! मी दार जरा ढकललं. साखळी फारच जुनाट होती, चौकटीच्या लाकडासकट आली. पेरू त्याच्या कपाळाला लागला. पिकलेलाच होता.

दुसरी तक्रार.

१९ मे

संकल्प : वर जायचंच नाही. जिना वाईट आहे.

३ जून

हिची मोठी बहीण आली आहे. नर्स होती, आता रिटायर. विधवा आहे, मूलबाळ नाही, त्यामुळे कुठेही जाऊन राहते. फार बघते ती. जेवताना बघते, बसताना बघते. काल हिच्या दंडावरचं निळं बघितलं. मी म्हणालो, कपाटाला धडकली. मेहुणी म्हणाली, भावोजी, कपाटाला बोटं असतात का? मला विनोद कळतो. हसलो. तिला हसू आलं नाही.

१७ जून

आज पोलिस स्टेशनला दाखल्यासाठी गेलो. टेबलामागचा हवालदार म्हणाला, दोन तक्रारी उभ्या असताना दाखला कसा देणार? मी त्याला हात लावला नाही. हे ठळक लिहून ठेवतो. मुठी खिशात ठेवून घरी आलो.

घरी आल्यावर ही म्हणाली, आधीच वरच्याची माफी मागितली असती तर? एवढंच म्हणाली. पण म्हणायची वेळ होती का ती? मी स्वयंपाकघराचं दार ओढलं. जोरात. हिचा हात चौकटीत होता. तो तिथे आहे हे हिने सांगायला नको? आवाज ओळखीचा होता. थंड झालेल्या लोखंडावर हॅमर पडला की येतो तसा.

दोन बोटं मोडली. ही ओरडली नाही. खाली बसली आणि हात पोटाशी धरला. मी म्हणालो, दाखव. दाखवला नाही.

१८ जून

प्लास्टर घातलं. डॉक्टरने कसं झालं विचारलं. ही म्हणाली, दार लागलं. अगदी खरं. मेहुणीने बिल स्वतः भरलं, बारा लाखांतून एक छदाम काढला नाही. तेवढी अक्कल आहे तिला. मला बरं वाटलं. खरं लिहायचं तर रात्रभर बरं वाटलं नाही, पण ते जाग्रणामुळे.

संकल्प : दारं हळू लावायची.

३० जून

घरात बोलाचाल नाही. दोघी बहिणी शेजारी बसून एकाच फोनमध्ये बघत असतात. मी आलो की फोन ठेवतात. माझ्यासाठी काहीतरी ठरवत असाव्यात. येत्या महिन्यात माझा वाढदिवस आहे.

१० जुलै

मुरले! तीन महिने पुरे! मिठाई आणली. ही एका हाताने खोकं उघडू शकली नाही, मेहुणीने उघडलं. मी भाषण केलं. कष्ट, संयम, दूरदृष्टी. दोघींनी ऐकून घेतलं.

१६ जुलै

ही मुलाखतीला गेली. मेहुणी सोबत. मीही निघालो होतो, पण एजंट म्हणाला, तुमचा दाखला यायचाय, तुम्ही नंतर, आधी बाईंचं होऊ दे. पटलं. पुढे जाऊन घर लावून ठेवील, पडदे वगैरे.

२४ जुलै

हिचा व्हिसा झाला! नाचलो. एक ट्यूबलाइट गेली.

माझी बॅग भरायला घेतली. हातोडी नेऊ द्यायचे नाहीत म्हणे विमानात.

५ ऑगस्ट, सकाळी

हॉलमध्ये दोन बॅगा. माझी नव्हती. मी म्हणालो, माझी कुठे? ही म्हणाली, तुम्ही येत नाही आहात. ताई येतेय, सोबत जाणारी म्हणून तिचाच व्हिसा काढलाय. तिची पेन्शन आणि माझी शिलाई, दोघींचं भागतं.

मी म्हणालो, दाखला येईल. ही म्हणाली, दाखला आला तरी नाही.

मी विचारलं, आणि माझे बारा लाख? ही शांतपणे म्हणाली, स्कूटरचे तुम्ही भरून दिलेत, मशीनचे दिलेत, दाताचे दिलेत. मला पस्तीस वर्षांत कधी दिले नाहीत. ते हे.

हात उचलला. आपोआप उचलला गेला. मेहुणी मध्ये आली नाही. ही मागे सरकली नाही. तिची वाकडी जुळलेली दोन बोटं बॅगेच्या दांडीवर होती. माझा हात वरच राहिला. मला भीती वाटली. कसली ते कळलं नाही. मी खुर्चीवर बसलो.

ही म्हणाली, डब्यावाल्या बाईंना सांगून ठेवलंय, दोन्ही वेळचं येईल, पेन्शन आली की त्यांचे आधी द्या. मग दार लावून गेल्या. हळू लावलं.

५ ऑगस्ट, दुपारी

भिंतीवर ठोसा मारला. मग आणखी एक. कोणी आतून आलं नाही, काय झालं म्हणून विचारलं नाही. उजवा हात भाकरीसारखा फुगलाय, म्हणून हे डाव्याने लिहितोय.

फ्रीज उघडला. बर्फाचा ट्रे कोरडा ठणठणीत. एवढी वर्षं तो कायम भरलेला असायचा. मला वाटायचं, तो आपोआप भरतो.

ट्रे नळाखाली धरला. पाणी सांडलं. पुन्हा धरला. आत ठेवला. बर्फ व्हायला किती वेळ लागतो, ते विचारायला कोणी नाही. खुर्ची ओढून फ्रीजसमोर बसलोय.